मोठा वाय, छोटा एन

शनिवारी सकाळी आईने तिच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पडदा काळा तो काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, तिच्यापुढे लुकलुकणारी छोटी रेघ, बाकी सगळा अंधार. आईने आरडाओरडा केला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अनुया, माझं सगळं गेलंय वाटतं." मी काचेचे ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळत होते. सोमवारी ट्रक येणार होता, निम्मं घर खोक्यांत गेलं होतं, आणि त्या घटकेला मला कुठल्याही नव्या भानगडीत शिरायचं नव्हतं. "काही जात नाही गं असं. बघते मी," असं म्हटलं खरं, पण हातातला ग्लास तसाच राहिला, कारण काय झालंय ते मला न बघताच कळलं होतं. काल संध्याकाळी मीच तिच्या मशीनवर बसले होते. पुण्याला न्यायच्या आधी जरा झाडलोट करावी, जुनं नको ते काढून टाकावं, म्हणून आईने पासवर्डाची चौकट भरून दिल्यावर दोन-तीन आज्ञा टाइप केल्या आणि सवयीने प्रत्येकीच्या शेवटी वाय लावला. एरवी काहीही काढण्याआधी मशीन सांगतं, अमुक अमुक जाणार आहे, काढू ना? आणि थांबतं. शेवटी वाय लावला की थांबत नाही. सगळ्या प्रश्नांना तुम्ही आधीच हो म्हणून बसलेले असता. यादी भराभर वर सरकली, मी तेव्हा फोनवर पॅकर्सशी बोलत होते. त्या यादीत आईचा अख्खा डेस्कटॉप, म्हणजे चित्रं-खिडक्यांचा सगळा देखावा, होता आणि तो मी माझ्या हाताने केरात काढला होता.

आता खरं सांगायचं तर माझं पोटच काळ्या पडद्यावर चालतं. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीचे सर्व्हर मी सांभाळते, आणि सर्व्हरला तोंड नसतं. त्याला खिडक्या नसतात, आयकॉन नसतात, मागे डोंगरावरचा सूर्योदय नसतो. तुम्ही लिहायचं, त्याने करायचं, विषय संपला. चित्रं हे माणसांचे लाड आहेत असं माझं स्पष्ट मत होतं आणि ऑफिसातल्या नव्या पोरांना मी ते ऐकवतही असे. कुठलंही मशीन लावताना मी कमीत कमी तेवढंच लावते. अभिजित, माझा नवरा, यावरून मला चिडवतो. म्हणतो, तुझं मशीन म्हणजे सामान न लावलेलं क्वार्टर. चिडवायला तो मोकळा आहे, त्याला क्वार्टर म्हणजे काय ते कुठे ठाऊक? तो सांगलीत एकाच घरात वाढला आणि बँकेत लागल्यावर हौसेने बदल्या घेत फिरला. क्वार्टरमध्ये मी वाढले. माझे बाबा, राजन, विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे वाईचे, पण माझ्या आठवणीतलं वाई म्हणजे लग्नकार्यापुरतं. इंदूर, जबलपूर, रायपूर, भोपाळ आणि शेवटी जयपूर. बदलीवाल्यांचे काही नियम असतात, ते कुणी शिकवत नाही, आपोआप अंगात भिनतात. भिंतीला खिळा मारायचा नाही, फोटो टेबलावर भिंतीला टेकवून ठेवायचे. टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपायचं. आणि झाड लावायचं ते तुपाच्या रिकाम्या डब्यात, जमिनीत कधीही नाही. जमिनीतलं ट्रकमध्ये चढत नाही.

ऑर्डर यायची ती बहुतेक उन्हाळ्यात. बाबा संध्याकाळी घरी यायचे, बूट काढायचे, खुर्चीत बसून मोजे गोळा करता करता म्हणायचे, "ऑर्डर आली. रायपूर." आई जिथे असेल तिथून उठायची, आत जायची आणि चहाचं आधण ठेवायची. एक शब्द बोलायची नाही. चहा आला की बाबा ट्रक, शाळा, दाखला यांच्याबद्दल बोलायला लागायचे. मौन ही संमती असं आपल्याकडे म्हणतात, आमच्याकडे संमतीला साखर-दूध पण असायचं. रायपूरच्या वेळी मी दहावीत जाणार होते. माझी सगळी दुनिया जबलपूरच्या एका गल्लीत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर ओरडले होते, तू नाही का म्हणत नाहीस, एकदा तरी म्हण ना. तिने गाळणीतली चहापत्ती केराच्या डब्यात झटकली आणि म्हणाली, "मला विचारलं कुणी? विचारलंच नाही तर नाही कुणाला म्हणू?" मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. बाबांचा आला नाही, तिचा आला. मी मनाशी ठरवून टाकलं की आपण असं मुळूमुळू जगायचं नाही आणि बदलीवाल्या माणसाशी लग्न तर मुळीच करायचं नाही. दुसऱ्या निश्चयाचं काय झालं ते दिसतंच आहे.

तर मी ग्लास ठेवला आणि आईच्या खोलीत गेले. आईची खोली म्हणजे या घराची मागची, अंगणाकडची. टिळकनगरातलं हे घर बाबांनी शेवटच्या पोस्टिंगला भाड्याने घेतलं, तळमजला आमचा, वर मालकीणबाई माथुर आंटी. बाबा निवृत्त झाले, गेलेही, आई इथेच राहिली. पुढे अभिजितची बदली जयपूरला झाली तेव्हा आम्हीच तिच्याकडे राहायला आलो. आता त्याची बदली पुण्याला झाली होती. तो होळीनंतर लगेच रुजू झाला, मला कंपनीने तिथून काम करायची परवानगी दिली, आणि आम्ही सगळे निघालो होतो. सगळे म्हणजे मी आणि आई. खिडकीतला कूलर घरघरत होता, खसचा, आपल्या वाळ्याचा, ओला वास होता, बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. मी खुर्ची ओढली, तिचं नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. मीच ठेवलेला होता, बाबांच्या नावाचा. पडद्याने सांगितलं, चुकीचा. पुन्हा लिहिला. पुन्हा चुकीचा.

"तो मी केव्हाच बदलला," आई मागून म्हणाली.

"बदललास? मला नाही सांगितलंस."

"त्यात काय सांगायचं?"

मी उठले आणि तिला बसवलं. "लिही. पण एक लक्षात ठेव, लिहिताना काही दिसणार नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. मशीन बंद पडलंय असं वाटेल, पण तू लिहीत राहा." तिने चष्मा सारखा केला. "तू तिकडे बघ," म्हणाली. मी भिंतीकडे बघितलं. बहात्तर वर्षांची माझी आई मला तोंड फिरवायला सांगत होती आणि मी ते करत होते, याची मला गंमतही वाटली आणि कुठेतरी टोचलंही. कीबोर्डचा आवाज सावकाश येत होता. पासवर्ड लांब होता. मी न ठरवता अंदाज बांधू लागले, कुणाचं नाव असेल, माझं, अभिजितचं, आणि आवाज थांबेचना. "आत गेलं," आई म्हणाली. "उमटत नसलं तरी पोचतं म्हणायचं."

तिची भीती घालवावी म्हणून मी आधी तिच्या फाइलींची नावं काढून दाखवली. "हे बघ, सगळं जागच्या जागी आहे. फक्त वरचा देखावा गेलाय. तो परत बसवू." नावं भराभर पडद्यावर आली. खूप होती. मला वाटलं होतं आई दुपारी पत्ते खेळते आणि नातेवाइकांचे फोटो बघते, फार तर वीस-पंचवीस फोटो असतील. इथे ओळींवर ओळी होत्या आणि एकही वाचता येत नव्हती, कारण प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन होता.

"हे डब्बे-डब्बे काय?" आईने विचारलं.

"तुझीच नावं. तू देवनागरीत लिहिलीस ना? या काळ्या पडद्याला देवनागरी येत नाही."

"मतलब, आहे सगळं, पण त्याला वाचता येत नाही."

"हो."

"तुला?"

"मलाही नाही. डेस्कटॉप आला की दिसेल." मला का कोण जाणे, हे उत्तर देताना कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी या पडद्याचं कौतुक करत आले, आणि तो माझ्या आईचं एक अक्षर दाखवू शकत नव्हता. काय आहे या फाइलींत, असं मी विचारणार होते, तेवढ्यात फाटक वाजलं.

पॅकर्सचा चंदन आला होता, टेपची रिळं मनगटात अडकवून. तो एकेका खोलीत जाऊन खोक्यांवर नंबर टाकत फिरला. आईच्या खोलीत आला आणि थबकला. पलंगावर चादर होती, देव देव्हाऱ्यात होते, कपाट उघडं आणि भरलेलं होतं. "मैडमजी, माताजी का सामान तो बँधा ही नहीं. परसों गाडी है." मी म्हटलं, "हो जाएगा भैया, कल कर देंगे."  मी गेले आठ दिवस रोज तिच्यासाठी रिकामी खोकी आणून ठेवत होते आणि ती रोज ती घडी घालून पलंगाखाली सरकवत होती. मला वाटायचं, म्हातारपण, उरकत नाही. वाटायचं म्हणजे मी ते वाटून घ्यायचे. चंदन अंगणात गेला. तुळस, मोगरा, कोरफड, असलेल्या सगळ्या कुंड्या त्याने बघून घेतल्या. मग कूलरखाली वाकला. "ये वाला? ये तो ज़मीन में है. ये नहीं जाएगा."

"मालूम है," आई खिडकीतून म्हणाली.

चंदन गेल्यावर मी पुन्हा मशीनपुढे बसले, या खेपेला आईला शेजारी बसवून, कारण सारखा तिचा पासवर्ड लागत होता. "आत्ता तर सांगितला," ती कुरकुरली. आत यायला एकदा आणि आतलं काही हलवायचं तर परत एकदा, मी सांगितलं. "शहाणं आहे," ती म्हणाली आणि मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. डेस्कटॉप बसवायची आज्ञा मी लिहिली. बोट आपसूक शेवटी वाय लावायला निघालं होतं, ते मागे घेतलं. कालचा चटका ताजा होता. एंटर दाबलं. मशीनने कुठून कुठून काय काय गोळा करावं लागेल ते मोजलं, नावांचा मोठा लोंढा पडद्यावरून गेला आणि शेवटी ती ओळ आली आणि थांबली. पुढे जायचं का? आणि चौकोनी कंसात मोठा वाय, तिरकी रेघ, छोटा एन.

"हे काय विचारतंय?"

"एवढं सगळं बसवायचंय, बसवू का, असं विचारतंय. वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही."

"मग वाय मोठा का आणि एन छोटा का?"

असले प्रश्न आईच विचारू जाणे. वीस वर्षं मी ती ओळ रोज बघते. "त्याचा अर्थ असा," मी म्हटलं, "की आपण काहीच लिहिलं नाही आणि नुसतं एंटर दाबलं तर ते हो धरतं. बहुतेक लोकांचं उत्तर हो असतं ना, म्हणून."

"गप्प बसलं की हो."

"हो. तसंच."

"आणि नाही म्हणायचं असलं तर?"

"तर मुद्दाम एन लिहावा लागतो."

आईने मान हलवली. काही समजून घेतल्यावर ती हलवते तशी, दोनदा, सावकाश. मग तिने हात पुढे केला, माझ्या हातावरून, तर्जनीने एन शोधला आणि दाबला, आणि त्याच बोटाने एंटर. एका शब्दात मशीनने कळवलं, रद्द. पुन्हा ती कोरी ओळ, लुकलुकणारी रेघ.

"आई! हे काय केलंस?"

"काही नाही. बघायचं होतं, नाही म्हटलं की थांबतं का." तिने हात मांडीवर घेतला. "थांबलं."

मी उठले. ताडकन उठले असंच म्हणायला हवं, खुर्ची मागे पडता पडता राहिली. अंगणात गेले, उन्हाची झळ तोंडावर आली, तरी तिथेच उभी राहिले. मला राग आला होता आणि कशाचा ते मी स्वतःला कळू देत नव्हते. एवढी पसाऱ्याची दुपार, एकटी राबतेय मी, आणि हिला खेळ सुचतात. मी काय बाबांसारखी आहे? मी विचारलं होतं तिला. होळीच्या दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, मला लख्ख आठवतंय. ती भेंडी चिरत होती. मी म्हटलं, "आई, अभिजितची ऑर्डर आली, पुणं. आपण मेमध्ये निघू. तुला बरंच होईल, आपल्या माणसांत राहशील, मराठी ऐकायला मिळेल." तिने भेंडीचं देठ बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बघू या." आणि मी लगेच तिच्यासाठी पुण्याच्या घरातली पूर्वेकडची खोली अभिजितला सांगून टाकली होती. आता अंगणात उभं राहून मी ती वाक्यं पुन्हा पुन्हा तपासत होते, आणि त्यांच्यात प्रश्न सापडत नव्हता. एकही नव्हता. कितीही वेळा उलटंसुलटं केलं तरी त्या बोलण्यात तिला बोट ठेवायला जागाच नव्हती. मी शेवटी वाय लावून आले होते.

कूलरखाली अळू होतं. कूलरचं पाणी थेंब थेंब जिथे गळतं तिथे आईने कधीतरी एक कंद लावला असणार, आता हातभर रुंद पानांचं बन झालं होतं. जयपूरच्या या फुफाट्यात, जिथे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, तिथे अळू. मी कैकदा त्याची पातळभाजी खाल्ली होती, वड्या खाल्ल्या होत्या, वर माथुर आंटींकडे डबा पोचवला होता. पण ते जमिनीत आहे हे मी आज, चंदन म्हणाल्यावर, पहिल्यांदा बघत होते. इंदूरला अळू डब्यात होतं. जबलपूरला डब्यात, भोपाळलाही डब्यातच. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमिनीत लावलं होतं आणि मी वर्षानुवर्षं ते ओलांडून दोरीवर कपडे वाळत घालत होते. मला एकदम रडू यायला लागलं आणि रडू येतंय याचाही राग आला. ती इथे एकटी कशी राहील? बीपी आहे, गुडघे आहेत, रात्री-अपरात्री काही झालं तर? हे सगळं खरं होतं. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती मला अजिबात आवडली नाही. तिने माझ्याबरोबर यायला नको म्हणावं, हे मला सहन होत नव्हतं. बाबांना ती कधी नाही म्हणाली नाही. मलाच का?

फोन वाजला. अभिजित. "अगं, इथे सुतार आलाय. आईंच्या खोलीत देव्हाऱ्यासाठी फळी कुठल्या भिंतीला मारू विचारतोय. पूर्वेच्या ना? मारू?"

"थांब," मी म्हटलं.

"किती वेळ? तो निघतोय म्हणून विचारतोय. मारायला सांगतो, मग बघू."

"अभिजित, थांब म्हटलं ना. नको मारू. खिळासुद्धा नको. मी विचारून सांगते."

"कुणाला विचारून?" तो बिचारा खरंच गोंधळला होता. त्याचा काही दोष नव्हता, मीच त्याला खोली सांगितली होती. मी नंतर करते म्हणून फोन ठेवला. वरच्या जिन्यातून माथुर आंटी रेलिंगला धरून डोकावत होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, आवाजावरून माणसं ओळखतात. "अनुया बेटा? प्रतिमाजी नीचे हैं क्या? आज हमारी बैठक नहीं होगी?" प्रतिमाजी म्हणजे आई, पण कसली बैठक ते मला ठाऊक नव्हतं. दुपारी आईच्या खोलीतून कधी कधी गाण्याचा आवाज यायचा, मला वाटायचं मोबाइल लावलाय. "आंटी, कंप्यूटर ख़राब है. बन जाएगा," मी म्हटलं. "बन जाए तो बुला लेना," त्या म्हणाल्या. "बाईस बन्ने बाक़ी हैं अभी. परसों के बाद कौन लिखेगा, ये तो प्रतिमाजी ने बताया ही नहीं." आणि जिन्यावरून हळूहळू परत वर गेल्या.

मी आत गेले. आई तिथेच बसली होती, पडद्याकडे बघत. मी नव्याने आज्ञा लिहिली. मशीनने पासवर्ड परत मागितला, मधे बराच वेळ गेला होता. तिने सांगायच्या आत मी भिंतीकडे बघितलं आणि आईने काही न कुरकुरता लिहिला. नावांचा लोंढा गेला, ओळ आली, थांबली. मोठा वाय, छोटा एन. मी हात मागे घेतले. कूलर घरघरत होता. ती रेघ लुकलुकत राहिली आणि मी तिला लुकलुकू दिलं, हे वीस वर्षांत मला कधी जमलं नव्हतं. आईने चष्म्यातून ओळ पुन्हा वाचली, बोट फिरवत वायवर आणलं, दाबलं, मग एंटर.

"नुसतं एंटर चाललं असतं, आई."

"असू दे. विचारलंय तर उत्तर द्यावं."

मग बराच वेळ सामान येत राहिलं. एकेक तुकडा उतरून घेतला जात होता, उलगडला जात होता, जागी बसवला जात होता आणि प्रत्येकाची नोंद पडद्यावरून सरकत होती. अक्षरांचे ठसे कुठले, खिडक्यांच्या चौकटी कुठल्या, घड्याळ कुठलं, बाण कुठला. मी हे हजारदा केलंय, पण कधी बसून बघितलं नव्हतं. लावायचं आणि उठून कॉफी आणायला जायचं. आज उठवेना. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, ट्रकच्या पुढच्या सीटवर आई आणि मी बसायचो तशा. बाबा दुसऱ्या गाडीने सामानाच्या मागे असायचे.

"बन्ने म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"लग्नातली गाणी. नवरदेवाची. माथुरजींच्या आईची, आजीची. त्यांना सगळी तोंडपाठ आहेत, पण लिहून कुणी ठेवली नाहीत. त्या म्हणतात, मी लिहिते. पहिल्यांदा तर मला निम्मे शब्द कळायचे नाहीत. रुको जी, फिर से बोलो, असं करत करत." ती हसली. "आता मलाही येतात."

"मला वाटलं पत्ते खेळतेस."

"पत्ते पण खेळते." मग थोडी थांबून म्हणाली, "अनुया, पुण्यात मला लोक विचारतील, तुम्ही कुठल्या? काय सांगू? वाईत माझं कोण राहिलंय? बोलायला गेले की मधेच मतलब येतं तोंडात. मागच्या खेपेला तुझ्या नणंदेकडे भाजीवाल्याला भैयाजी म्हटलं तर सगळ्या हसल्या. हसू देत. पण रोज कोण हसवून घेईल?" हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. भाजी महाग झाली म्हणावं तशी बोलली.

काम संपलं. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, परत काळा. मग उजळलं. आईने नाव निवडलं, पासवर्ड लिहिला, आता ठिपके दिसत होते आणि ते बरेच होते. आणि सगळं आलं. जसंच्या तसं आलं, कारण तिची मांडणी तिच्या फाइलींसोबतच होती, तिला मी काल हात लावला नव्हता. मागे फोटो होता कूलरखालच्या अळूचा, पानावर पाण्याचा थेंब. बाकी सगळे आयकॉन खाली एका रांगेत, डबे फळीवर लावावेत तसे, आणि वरती एकच मोठा फोल्डर. आईने तो उघडला आणि चौकोनांची अक्षरं झाली. बन्ना, बन्नी, बाळंतपणाची जच्चा, हळदीची, मेंदीची, ओळींमागून ओळी, तिने देवनागरीत दिलेली नावं. तिने एकेक नाव बोटाने तपासलं, सगळी आहेत याची खात्री केली आणि खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इंदूरला पाहिलं नव्हतं, रायपूरला नाही, भोपाळला नाही.

 विचारायचं म्हणजे काय ते मला आता कळत होतं. विचारायचं म्हणजे विचारून थांबायचं, आणि थांबलं की समोरून काहीही येऊ शकतं. मला अजून वाटत होतं की काही न बोलता उठावं, तिचं कपाट आवरायला घ्यावं, ती मुकाट्याने मदतीला येईल, सोमवारी ट्रकच्या मागे गाडीत बसेल. तशीच आली असती ती. आयुष्यभर आलीच होती.

"आई," मी म्हटलं, "तू पुण्याला येणार आहेस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे काही जोडलं नाही. गुडघे म्हटलं नाही, बीपी म्हटलं नाही, पूर्वेची खोली म्हटलं नाही, जीभ दातांखाली दाबून धरली. अंगणात कूलरचं पाणी गळत होतं.

"नाही," आई म्हणाली.

आवाज अगदी साधा होता. फक्त तो शब्द तोंडात नवा असावा तसा तिने सावकाश उच्चारला. मग तिने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि वाट बघत राहिली, मी आता काय म्हणते याची.

मी उठले, स्वयंपाकघरात गेले, बांधलेल्या खोक्याची टेप फाडून पातेलं काढलं आणि चहाचं आधण ठेवलं.